नोंदवहीकडून सामायिक सॉफ्टवेअरकडे : खेड्यातल्या संस्थेने हा बदल कसा हाताळावा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात सोयाबीनची ऐन सुगी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, काट्यावर वजन होते, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात जातात, पावती फाटते आणि पैसे कधी जमा होतील एवढे विचारून शेतकरी घरी जातो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीचा हिशेब पाहत होतो, तिने नेमक्या याच आठवड्यात कर्मचाऱ्यांसाठी नवे सॉफ्टवेअर सुरू केले. तालुक्याच्या गावी एका सभागृहात दोन तासांचे प्रशिक्षण झाले, प्रत्येकाच्या मोबाईलवर ॲप बसवून दिले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा कारभार त्यावरच चालेल असे जाहीर झाले. आठवड्याभरात एकाच मालाची नोंद तीन ठिकाणी होऊ लागली : केंद्रावरच्या पावतीपुस्तकात, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत आणि अर्धीमुर्धी नव्या ॲपमध्ये. दिवाळीच्या दोन दिवस आधी एक शेतकरी आपली गुलाबी पावती घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. पावतीवर वजन होते, सही होती, शिक्का होता. माझ्यासमोरच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. त्याचे पैसे दिवाळीनंतर मिळाले. डिसेंबर उजाडेपर्यंत ते ॲप कोणी उघडेनासे झाले होते.

सॉफ्टवेअर चांगले होते, आणि पुढच्या वर्षी आम्ही तेच पुन्हा सुरू केले तेव्हा ते टिकले. मधल्या काळात जे उमगले ते इथे नीट मांडावेसे वाटते, कारण आता अशा बदलाची वेळ गावोगावच्या संस्थांवर येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजे ज्यांना आपण सोसायटी म्हणतो त्यांच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. उत्पादक कंपन्या, पतसंस्था, बचत गटांचे प्रभाग संघ आणि खेड्यांत काम करणाऱ्या सामाजिक संस्था यांच्याकडेही कोणते ना कोणते ॲप येतच आहे. यंत्र कसे चालवायचे हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण माणसांची घडी कशी बदलायची हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू. मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल वर्कस्पेस, स्लॅक, झोहो अशा नावांनी मिळणाऱ्या या सेवांमध्ये कार्यालयातले निरोप, कागदपत्रे, कामांची यादी आणि बैठका एकाच ठिकाणी येतात. जुन्या कार्यालयातली आवक-जावक नोंदवही आठवावी. कोणते पत्र कधी आले, कोणाकडे गेले आणि त्याचे पुढे काय झाले हे त्या एका वहीत सापडत असे, आणि ती वही टेबलावर असल्यामुळे कोणालाही उघडून पाहता येत असे. सामायिक सॉफ्टवेअर ही तशीच वही आहे, फक्त ती एकाच वेळी तालुक्याच्या कार्यालयात, वीस किलोमीटरवरच्या केंद्रावर आणि गोदामात उघडी असते. त्यातल्या ‘चॅनेल’चा अर्थ एका विषयाची वेगळी वही असा घ्यावा. एकच यादी सगळ्यांनी एकाच जागी दुरुस्त केली की ‘अंतिम यादी’, ‘अंतिम यादी नवी’, ‘अंतिम यादी दुरुस्त’ अशा चार फायली तयार होत नाहीत.

यावर हमखास विचारले जाते की व्हॉट्सॲप आहेच, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे खरे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हॉट्सॲपवर सकाळी टाकलेला पावतीचा फोटो संध्याकाळपर्यंत शुभेच्छा, बाजारभाव आणि पावसाच्या चित्रफितींखाली गाडला जातो. ‘गोदामात बारदाना कमी आहे’ असे कोणी लिहिले तर सात जण अंगठा दाखवतात, पण बारदाना आणायचा कोणी हे ठरत नाही. शिवाय ती सगळी माहिती माणसाच्या स्वतःच्या मोबाईलवर असते. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की संस्थेचा तेवढा इतिहास त्याच्याबरोबर जातो. ज्या संस्थेत चारच माणसे एका खोलीत बसतात, तिला व्हॉट्सॲप आणि एक वही पुरेशी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण सुरू होते ती कामाच्या जागा दोन-तीन झाल्यावर.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. असे सॉफ्टवेअर आले की कोणाला काय माहीत असते, कोणाला विचारावे लागते आणि कोणाचा शब्द अखेरचा मानला जातो, हे सगळे हलते, आणि माणसे बिथरतात ती यामुळे. आमच्या गोदामाचे काम पाहणारे भाऊ पन्नाशीपुढचे. कोणत्या थप्पीत किती पोती, कोणता माल आधी काढायचा, कोणत्या कोपऱ्यात ओल येते हे सारे त्यांच्या डोक्यात आणि खिशातल्या छोट्या वहीत असे. संचालकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांनाच विचारत. पहिल्या वर्षी त्यांनी ॲपमध्ये एकही नोंद केली नाही आणि आम्ही त्याला आळस समजलो. पुढे एका संध्याकाळी गोदामाच्या पायरीवर बसून त्यांनी मला सांगितले, “आता सारे त्या मोबाईलातच पाहतीन भाऊ, मंग मले कोन इचारन?” वर्षभराच्या आमच्या बैठकांत हा प्रश्न एकदाही कोणाच्या तोंडून आला नव्हता.

त्यांची भीती खरी होती, म्हणून तिच्यावर समजूत घालण्यापेक्षा व्यवस्थेतच उत्तर शोधावे लागले. आम्ही नियम असा केला की केंद्रावरून आलेल्या मालाची नोंद कोणीही केली तरी गोदामातल्या साठ्याचा आकडा भाऊंनी पोती मोजून खूण केल्यावरच पक्का धरायचा, आणि तोपर्यंत त्या नोंदीसमोर ‘तपासणी बाकी’ असे दिसायचे. म्हणजे आधी त्यांचा जो शब्द तोंडी अखेरचा होता, तो आता सगळ्यांना दिसेल असा अखेरचा झाला. ज्याचे वजन कमी होण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी नव्या व्यवस्थेत मानाची आणि कामाची जागा आधी ठरवणे, हे प्रशिक्षणाच्या तारखेच्याही आधी करायचे काम आहे. कोणाचे काही जाणार नाही असे खोटे सांगू नये. काय जाईल आणि त्याच्या बदल्यात काय येईल, हे त्या माणसाशी समोरासमोर बोलावे.

नवी गोष्ट माणसे कशी स्वीकारतात याचा एक जुना अभ्यास शेतीतलाच आहे, आणि आपल्याला तो लगेच कळतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारपूस केलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणे घेतले होते. बियाणे चांगले उत्पन्न देत असूनही त्याला इतकी वर्षे लागली, कारण बहुतेकांनी आधी थोड्याशा जमिनीवर पेरून पाहिले आणि मग दरवर्षी क्षेत्र वाढवत नेले. बियाण्याची पहिली खबर त्यांना बहुतेक वेळा विक्रेत्याकडून मिळाली होती, पण ते घ्यायचे मन मात्र शेजाऱ्याचे पीक पाहून झाले. आपल्याकडे १९७० मध्ये एच-४ हे संकरित कापसाचे वाण आले, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली; त्या दोन्ही वेळी बियाणे विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घेतलेल्यांनी धुऱ्यापलीकडच्या वावरातली बोंडे पाहूनच पुढच्या हंगामाची पिशवी घेतली, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे.

कार्यालयात याचा अर्थ असा की सगळे कामकाज एकाच दिवशी हलवू नये. एक काम निवडावे, आणि तेही असे की ज्याचा जाच सगळ्यांना होतो व ज्याचा फायदा आठवड्याभरात डोळ्यांना दिसतो. आम्ही दुसऱ्या वेळी फक्त वजनाची पावती घेतली : पावतीचा फोटो, शेतकऱ्याचे नाव आणि वजन त्याच दिवशी ‘आवक’ या चॅनेलवर टाकायचे, बाकी सगळे जुन्या रीतीने चालू द्यायचे. तेही दोन केंद्रांपैकी एकाच केंद्रावर. दुसऱ्या केंद्राच्या ताई पंधरा दिवस नुसत्या पाहत होत्या. पहिल्या केंद्राला कार्यालयातून पावत्यांसाठी फोन जात नाहीत आणि आपल्याला दिवसातून चार-पाच जातात, हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच विचारले की आमच्याकडे कधी सुरू करता.

वेळ निवडणे हे वरवर किरकोळ वाटते, पण खेड्यातल्या संस्थेचा सगळा डाव त्यावर उभा असतो. जूनमध्ये बियाणे-खतांची झुंबड असते, ऑक्टोबरपासून सोयाबीन आणि मग कापूस, पुढे तूर, हरभरा आणि मार्चअखेरचा हिशेब. पश्चिम विदर्भातल्या पिकांचा हा क्रम पाहिला तर श्रावण लागल्यापासून पोळ्यापर्यंतचा महिना त्यातल्या त्यात मोकळा सापडतो. पेरण्या आटोपलेल्या असतात, शेतात डवरणी-निंदण चालू असते आणि कार्यालयात बसून चुका करायला, त्या दुरुस्त करायला सवड असते. भंडारा-गोंदियाकडे धानाचे वेळापत्रक वेगळे आहे, तिथल्या संस्थांनी आपला मोकळा महिना आपण शोधावा. बाहेरून आलेला सॉफ्टवेअरवाला त्याच्या सोयीची तारीख सांगतो. ती मान्य करण्याचे काहीही बंधन नाही.

मग प्रशिक्षण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती, आणि जनावरांचे हृदय, मूत्रपिंड यांसारखे एरवी न शिजवले जाणारे भाग गृहिणींनी वापरावेत यासाठी आयोवा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी एक प्रयोग केला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले, पाककृती वाटल्या. दुसऱ्या गटांत बायकांनी आपापसात चर्चा केली, अडचणी मांडल्या आणि शेवटी कोण करून पाहणार हे हात वर करून ठरवले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के आणि चर्चा करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केला होता. माहिती दोघींनाही मिळाली होती. चारचौघांत बोलून स्वतः ठरवण्याची संधी एकाच बाजूला मिळाली. आमचे सभागृहातले दोन तास व्याख्यानाचे होते. पुढच्या वर्षी आम्ही प्रत्येक केंद्रावर जाऊन, चटईवर गोल बसून, एकच प्रश्न ठेवला की पावतीच्या कामात तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात जातो, आणि नियम त्यांच्याच उत्तरांतून लिहिले.

त्या बैठकांत निघालेल्या अडचणी कोणत्याही माहितीपत्रकात सापडल्या नसत्या. केंद्रावरच्या तिघींपैकी दोघींच्या घरी एकच स्मार्टफोन होता आणि तो सकाळी नवऱ्याबरोबर वावरात जायचा. त्यांना आम्ही ‘ॲप का उघडत नाही’ म्हणून विचारत राहिलो असतो. केंद्रावर एक टॅबलेट ठेवल्यावर तो प्रश्न मिटला. ज्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर काम होते त्यांच्या रिचार्जचा भार संस्थेने उचलला, आणि तो उचललाच पाहिजे. कामाच्या वेळेबद्दलही गोदामाच्या भाऊंनी एक मार्मिक गोष्ट सांगितली : “वही मिटली का काम सरते. ह्या मोबाईलवर ते सरतच नाही.” त्यावरून संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी आलेल्या निरोपाला उत्तर अपेक्षित नाही, तातडीचे असेल तर फोन करावा, असा नियम लेखी झाला.

भाषेचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो. चॅनेलांची नावे इंग्रजीत ठेवू नयेत. ‘आवक’, ‘गोदाम’, ‘बियाणे-खते’, ‘पेमेंट’ असे लोक जे बोलतात तेच लिहावे. मराठी टंकलेखनाचा कंटाळा असलेल्यांना बोलून टाइप करण्याची सोय दाखवावी. आमच्याकडे निम्म्या लोकांची अडचण एवढ्यानेच सुटली. जुन्या फायलींचे मात्र सुटत नाही. विदर्भातल्या असंख्य कार्यालयांत वर्षानुवर्षे कृती देव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेखन झाले आहे. अशा फाइलीत संगणकाच्या लेखी मराठी अक्षरे नसतातच; इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर फाइल उघडली की सभासदांच्या नावांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि शोधायला गेले तर नाव सापडत नाही. म्हणून सभासद यादी, दरपत्रके, ठरावांचे नमुने अशी रोज लागणारी कागदपत्रे आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी अक्षर मराठीच दिसेल अशा सामायिक पद्धतीत, रूपांतरित करून घ्यावीत. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, त्यामुळे नावे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात. आम्हाला या कामाला तीन आठवडे लागले आणि ते सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरले.

वीज आणि रेंज यांचा भरवसा नाही हे गृहीत धरूनच नियम करावे. रेंज नसेल तेव्हा पावती कागदावर फाटेलच. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कोणी चढवायची हे नाव घेऊन ठरलेले असावे.

सर्वांत अवघड भाग जुनी वाट बंद करण्याचा आहे. लेविन यांनीच १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले : जमलेला बर्फ आधी वितळवायचा, मग त्याला नवा आकार द्यायचा आणि मग तो पुन्हा गोठवायचा. बहुतेक संस्था मधल्या टप्प्यावरच थांबतात. जुने आणि नवे दोन्ही चालू राहिले की प्रत्येक नोंद दोनदा करावी लागते, आणि थकलेला माणूस सवयीचेच करतो. काही दिवस दोन्ही चालवणे गरजेचे आहे, पण शेवटची तारीख पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहिलेली असावी. आम्ही तीन आठवडे ठेवले. त्यानंतर पावतीचा व्हॉट्सॲप गट बंद केला, आणि गटात आधीच सांगून ठेवले होते की त्या तारखेनंतर चॅनेलवर नसलेल्या पावतीचे पेमेंट निघणार नाही. शेतकऱ्याचे पैसे अडू नयेत म्हणून पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी पावतीपुस्तक आणि चॅनेल समोरासमोर ठेवून ताळा केला.

ही नवी रीत बहुधा खालचे कर्मचारी मोडत नाहीत, वरचे मोडतात. उत्पादक कंपनीत कायद्यानुसार पाच ते पंधरा संचालक असतात, ते स्वतः शेतकरी असतात आणि आपापल्या गावी राहतात. अध्यक्षांना साठा जाणून घ्यायचा असला की ते फोन लावतात, आणि त्यांचा फोन आला की समोरचा माणूस हातातले काम सोडून आकडा शोधतो. असे दिवसातून तीनदा झाले की सगळ्यांना कळते की चॅनेलवर लिहिण्यापेक्षा फोन उचलणे महत्त्वाचे आहे. आम्ही अध्यक्षांना विनंती केली की महिनाभर साठ्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न त्यांनी चॅनेलवरच विचारावा, टाइप होत नसेल तर बोलून टाकावा. त्यांनी ते केले. पहिल्या आठवड्यात त्यांच्या प्रश्नात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, आणि मला वाटते त्यामुळेच इतरांची लिहिण्याची भीड चेपली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. फुकट योजना घेताना जुन्या नोंदी किती दिवस दिसतात ते विचारावे. स्लॅकच्या फुकट योजनेत ही मर्यादा ९० दिवसांची आहे. ऑक्टोबरात घेतलेल्या सोयाबीनचा वाद फेब्रुवारीत निघाला तर ती नोंद समोर येणार नाही. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या कागदपत्रांची. आधार कार्ड, सात-बारा, पासबुकाचे पहिले पान यांचे फोटो गटांमध्ये सर्रास फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. त्यामुळे पेमेंटचे चॅनेल फक्त संबंधितांनाच दिसेल असे ठेवावे आणि कर्मचारी सोडून गेला त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा.

बदल रुजला की नाही हे कोणी किती वेळा ॲप उघडले यावरून कळत नाही. सुरुवातीआधी आठवडाभर कार्यालयात ‘पावती कुठे आहे’ आणि ‘पैसे कुठे अडले’ असे किती फोन येतात ते वहीत रेघा मारून मोजावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. हा आकडा कर्मचाऱ्यांनाही पटतो, कारण ते फोन त्यांनीच घेतलेले असतात.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी यादीत नाव नाही म्हणून माझ्या टेबलासमोर कोणी उभे राहिले नाही. गोदामाच्या भाऊंच्या खिशातली वही अजून आहे. आकडा चॅनेलवर पक्का करण्याआधी ते पोती मोजून त्या वहीत लिहितात, मग चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन खूण करतात. मागच्या पावसाळ्यात चार दिवस वीज नव्हती आणि टॅबलेट बंद पडला, तेव्हा आम्ही साठा त्या वहीवरूनच काढला.